क्रॉस स्लाइडचा नट गेलाय, डावा ॲक्मे टॅप घरीच बनवावा म्हणतोय

गॅरेजगिरी
नमस्कार मंडळी. घरी गाडी लावायच्या जागेत एक जुना लेथ ठेवलाय, नावाची पाटी कधीच गेलीये, बहुतेक बटाल्याचा असावा, पण बेड चांगलाय आणि माझं हौसेचं काम त्यावर निभतं. आता क्रॉस स्लाइडचा (टूल आडवा आत-बाहेर नेणारा भाग) नट, म्हणजे त्याच्या स्क्रूवर चालणारा आतून आटे असलेला ठोकळा, पार झिजलाय. हँडल उलटं फिरवलं की चाळीस थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) नुसतं हवेत फिरतं आणि पार्टिंग (जॉब कापून वेगळा) करताना टूल स्वतःहून आत ओढला जातो, मग काय होतं ते सांगायला नको.

स्क्रू मोजला. बाहेरून ५/८ इंच, इंचाला ८ आटे, २९ अंशाचा ॲक्मे (चपट्या माथ्याचा, उतरत्या बाजूंचा आटा) आणि डावा. (नवीन लोकांसाठी: हँडल घड्याळाच्या दिशेने फिरवल्यावर टूल आत जावा म्हणून क्रॉस स्लाइडचा स्क्रू बहुतेक लेथवर डावाच असतो.) नाशकात विचारून झालं, मुंबईला मित्राला नागदेवी स्ट्रीटवर पाठवलं, उजवे ट्रॅपेझॉइडल (ॲक्मेचा मेट्रिक भाऊ) टॅप (भोकात आतून आटे पाडायचं हत्यार) मिळतात पण डावा ५/८ ॲक्मे म्हटलं की दुकानदार आधी चहा मागवतो.

तर माझ्याकडे २० एमएमचा ओएचएनएसचा (तेलात विझवून कडक करायचं टूल स्टील) तुकडा आहे, बेंच ग्राइंडर आहे, गॅसची टॉर्च आहे, मिलिंग मशीन नाही. टॅप घरी होईल का? कुणी केलाय का? आणि पाणी द्यायचं (तापवून, विझवून कडक करायचं) काम टॉर्चवर जमेल का?

भोसरी_नाइटशिफ्ट
होईल की, पण कशाला? एमआयडीसीत कुठल्याही जॉब शॉपला स्क्रू नेऊन दे, सिंगल पॉइंटने (एकाच टोकाच्या टूलने लेथवर) नट कापून देतील. टॅप बनवायचा, मग त्याला पाणी द्यायचं, मग त्याने नट करायचा, म्हणजे आंबा खायचा म्हणून कोय पेरण्यातला प्रकार झाला.

गॅरेजगिरी
विचारलं होतं. एका नटासाठी कुणी सेटअप लावत नाही, "शंभर आणा" म्हणतात. आणि खरं सांगायचं तर मला टॅपच बनवायचाय, नट हे निमित्त :)

ओहायोकर
इकडे अमेरिकेत ५/८-८ ॲक्मे हा स्टँडर्ड साइज आहे, डावा टॅपसुद्धा कॅटलॉगमधून मागवता येतो. एरवी मीच म्हटलं असतं की पाठवतो, पण टॅपची किंमत, कुरिअर, वर कस्टम, एवढ्यात तुला तिकडे ओएचएनएसचा ढीग येईल. घरीच कर. माझ्या बेसमेंटमधल्या छोट्या लेथचा नट मी असाच केला होता, मात्र तो उजवा होता. धाग्यावर लक्ष ठेवून आहे.

उद्यमनगर
हे बघ भावा, टॅपच्या नादाला लागायच्या आधी स्क्रू तपास. नट झिजला म्हणजे स्क्रूही झिजलाच असणार, आणि तो सगळीकडे सारखा झिजत नाही. काम रोज मधल्या दोन-तीन इंचात होतं म्हणून मधे झिजतो आणि टोकाला नवाच्या नवा राहतो. मधे आट्याची जाडी किती आणि टोकाला किती ते बघ. फरक जास्त असंल तर नवा नट टोकाला घट्ट बसणार आणि मधे तसाच खुळखुळणार, मग टॅपला शिव्या देत बसशील. फरक पाच-सात थाऊच्या आत असंल तर नट बदलून भागतंय.

दुसरं, आत्ताच स्क्रू काढून बसू नकोस. टॅपचे आटे पाडायला तुला हाच क्रॉस स्लाइड लागणाराय. झिजलेल्या नटावरपण बरोबर आटे पडतात, फक्त टूल नेहमी बाहेरून आत एकाच दिशेने आणायचा, पुढं गेला तर पूर्ण एक चक्कर मागं घेऊन परत आणायचा. सगळं कापून तयार झाल्यावरच लेथ खोल. आणि गनमेटलचे (तांबं-कथिलाचा धातू) नट एक नाही, दोन कर. एक वाया गेला तर लेथ उघडा पडलेला नको.

पाणी द्यायच्या बाबतीत माझं मत वेगळं आहे, ते रात्री लिहितो. आत्ता भट्टी चालू आहे.

टूलरूमवाली
उद्यमनगर काकांच्या पहिल्या दोन्ही मुद्द्यांना +१. मी आकडे मांडते, कारण ॲक्मे टॅप बिघडतो तो बहुतेक आकड्यांत.

८ टीपीआय (इंचाला ८ आटे) म्हणजे पिच, दोन आट्यांमधलं अंतर, ३.१७५ एमएम. नटाचं आतलं भोक बाहेरच्या व्यासातून एक पिच वजा, म्हणजे अर्धा इंच, १२.७ एमएम. नटाचा मोठा व्यास मात्र ५/८ नाही! ॲक्मेत स्क्रूच्या माथ्यावर आणि तळाशी मोकळीक ठेवतात, व्यासावर २० थाऊ, म्हणून टॅप बाहेरून ०.६४५ इंच, १६.३८ एमएम पाहिजे. टॅपच्या आट्याचा तळ ०.४८० इंच, १२.१९ एमएम. म्हणजे टूल त्रिज्येत २.१ एमएम आत जाणार. बरेच जण टॅप बरोबर ५/८ ठेवतात आणि मग नट स्क्रूच्या माथ्यावर घासतो, आटा बाजूने धरतच नाही.

टूलच्या नाकाची रुंदी १.०४ एमएम. याच्यावर सगळं अवलंबून आहे. नाक रुंद झालं तर टॅपचे दात बारीक होतील आणि नट स्क्रूवर चढणारच नाही, अरुंद राहिलं तर दात जाड होऊन नट ढिला. मोजायला प्रोजेक्टर लागत नाही. ॲल्युमिनियमच्या तुकड्यात त्या टूलने पाव एमएम खोल खाच पाडायची आणि फीलर गेजने बघायची, तळाशी १.०० ची पाती सहज बसली पाहिजे, तिच्यासोबत ०.०५ ची घातली तर तळाला टेकायच्या आधी अडकली पाहिजे.

२९ अंशाचा गेज नसेल तर जाड पत्र्यावर समद्विभुज त्रिकोण आखा, उंची १०० एमएम आणि पाया ५१.७ एमएम, तो कोन २९ चाच येतो. पत्रा त्या रेषांवर कापून कानशीने साफ करा, झाला गेज.

आता डाव्या आट्याची गंमत. या स्क्रूचा हेलिक्स कोन (आट्याचा तिरकेपणा) बाहेर साडेतीन आणि तळाशी पावणेपाच अंश येतो. डावा आटा कापताना कॅरेज (टूल धरून सरकणारा भाग) चकाकडून (जॉब पकडणारं तोंड) टेलस्टॉककडे (लेथचं दुसरं टोक) जातो, म्हणजे टूलची उजवी बाजू पुढे. त्यामुळे उजव्या बाजूला साधारण ९ अंश क्लिअरन्स (घासू नये म्हणून दिलेला उतार) द्या आणि डाव्या बाजूला एखादाच अंश. दोन्हीकडे सारखा दिला तर उजवी बाजू कापण्याऐवजी घासत राहते, आटा फाटतो आणि आपण स्टीलला दोष देतो. वरचा रेक (टूलच्या वरच्या बाजूचा उतार) शून्य, नाहीतर २९ चा कोन बदलतो. टूलची उंची बरोबर सेंटरवर.

शिकाऊ_फिटर
ताई एक शंका, आयटीआयमध्ये आम्हाला डावा आटा कापताना आधी चकाकडे खाच पाडायला शिकवलं, टूल तिथे आत घालून मग बाहेर यायचं. टॅपवर अशी खाच पाडली तर तो तिथून तुटणार नाही का?

टूलरूमवाली
चांगला प्रश्न. टॅपला वेगळी खाच लागत नाही. टॅपचा दांडा तसाही १२ एमएमला उतरवायचा आहे, कारण टॅप नटातून आरपार जायला हवा आणि १२ हा आट्याच्या तळापेक्षा थोडा बारीक आहे. चकाच्या बाजूला तो दांडा ठेवायचा, टूल दांड्याच्या वर आणून खोली लावायची आणि टेलस्टॉककडे निघायचं. फक्त दांडा आणि आटे जिथे जुळतात तिथे काटकोन ठेवू नका, गोलाई द्या. पाणी देताना तडा तिथूनच जातो.

गॅरेजगिरी
ताई, दंडवत. वाचनखूण साठवली. स्क्रू तपासला काका, मधे आणि टोकाला चार थाऊचा फरक आहे. म्हणजे नटावर भागेल.

लीड स्क्रू (आटे पाडताना कॅरेज ओढणारा) ४ टीपीआय आहे, तेव्हा ८ कापताना हाफ नट (कॅरेज त्याला जोडणारा) कुठेही टाकला तरी चालेल ना?

ओहायोकर
चालेल. कापायचे आटे लीड स्क्रूच्या पटीत असले की डायल (हाफ नट कधी टाकायचा ते दाखवणारी) बघायची गरज नाही. कुणाचा लीड स्क्रू ६ एमएम पिचचा असेल तर मात्र १२७ दातांचा गिअर लागेल आणि हाफ नट न उघडता मोटर उलटी फिरवत परत यावं लागेल. ते कंटाळवाणं असतं, पण होतं.

प्लास्टिकप्रेमी
टॅप बनवायचाच नाही असाही एक मार्ग आहे, कुणी बोललं नाही म्हणून सांगतो. ॲसिटलचा म्हणजे आपल्या डेलरिनचा ठोकळा घ्यायचा, भोक पाडून उभा चिरून दोन भाग करायचे, स्क्रूचा एक तुकडा टॉर्चने गरम करून दोन भागांत व्हाइसमध्ये दाबायचा. प्लास्टिक वितळून आट्यात बसतं, थंड झाल्यावर स्क्रू फिरवून काढायचा. बॅकलॅश (हँडल उलटं फिरवताना जाणवणारा तो मोकळा खेळ) जवळजवळ शून्य. डावा, उजवा, ॲक्मे, स्क्वेअर काहीही चालतं. ॲसिटल साधारण १७० अंशाला वितळतं, त्यापेक्षा फार तापवू नका, फॉर्मल्डिहाइडचा वायू सुटतो, डोळे आणि घसा धरतो. काम उघड्यावर करा.

उद्यमनगर
हौसेच्या लेथला चालंल हे, नाही म्हणत नाही. पण गरम करायला स्क्रूचा जादा तुकडा लागतो, तो याच्याकडं कुठाय? एकुलता एक स्क्रू टॉर्चनं तापवून वाकडा केला तर बसा बोंबलत.

आता पाणी द्यायचं. माझं म्हणणं असं की एका-दोन गनमेटलच्या नटासाठी टॅपला पाणी द्यायची गरजच नाही. आमच्याकडं जुने मिस्त्री ईएन८ (मध्यम कार्बनचं साधं पोलाद) चा टॅप करून, धार कानशीनं नीट लावून पितळेचे नट तसेच काढायचे. पाणी दिलं की टॅप वाकतो, पिच बदलतो, तडा जातो, केलेली सगळी मेहनत तेलात. कच्चा टॅप दोन नटांत बोथट होतोय खरा, पण आपल्याला दोनच नट पाहिजेत. हत्यार एकदाच वापरायचं असंल तर त्याला आयुष्यभराचं पोलाद कशाला?

टूलरूमवाली
काका, पितळेला मान्य. गनमेटलला नाही. गनमेटल म्हणजे ८८ टक्के तांबं, १० टक्के कथील, २ टक्के जस्त, ते पितळेसारखं सुट्टं कापलं जात नाही, टॅपला घट्ट पकडतं. त्यात ॲक्मेचा आटा खोल, एका दाताला बरंच कापावं लागतं. कच्चा टॅप कापणं सोडून ढकलायला लागला की आटे फाटतात आणि टॅप पिळला जातो. आणि ओएचएनएस हातात असताना पाणी न देणं म्हणजे त्या स्टीलचा अपमान आहे. ते तेलात विझवायलाच बनवलंय, आकार फारसा बदलत नाही म्हणून तर नावात नॉन श्रिंकिंग आहे.

उद्यमनगर
अपमान वगैरे ठीक आहे, पण टूलरूममध्ये तुमच्याकडं कंट्रोल असलेली फर्नेस असती. याच्याकडं गॅसची टॉर्च आणि अंदाज.

भोसरी_नाइटशिफ्ट
*पॉपकॉर्न घेऊन बसलोय*

टूलरूमवाली
अंदाजाला चुंबक जोडला की पुष्कळ होतं. पोलाद ७७० अंशाच्या आसपास चुंबकाला चिकटायचं थांबतं. ओएचएनएसला ७९० ते ८१५ पाहिजे, म्हणजे चुंबक सुटल्यावर लाल रंग अजून एक छटा वर न्यायचा आणि तिथे टॅपच्या जाडीला साजेसा वेळ, या जाडीला दहा-पंधरा मिनिटं, धरायचा. पिवळट-नारिंगी दिसायला लागला तर जास्त झालं, दाणा मोठा होतो आणि दात काचेसारखे तुटतात. दिवसा उन्हात हे करू नका, रंग कळत नाही. शटर अर्धं ओढून अंधारात करा.

टॉर्च थेट दातांवर मारायची नाही, बारीक टोकं आधी जळतात. फायर ब्रिकची छोटी गुहा करा, ज्वाला भिंतीला लावून आत फिरवा, टॅप मधे. पपडी येऊ नये म्हणून बोरिक पावडर स्पिरिटमध्ये कालवून लेप द्या, वाळू द्या, मग तापवा. तेल ५०-६० अंशाला कोमट करून ठेवा, कोमट तेल पातळ असतं म्हणून जास्त चांगलं विझवतं. शेंगदाणा तेल चालतं. टॅप सरळ उभा बुडवायचा आणि वरखाली हलवायचा, आडवा टाकला की वाकलाच म्हणून समजा.

हाताला धरवेल इतका गार झाला की लगेच टेंपरिंग (ठिसूळपणा घालवायला पुन्हा हलकं तापवणं), दुसऱ्या दिवसावर ढकलायचं नाही. ओटीजी मध्ये २०० अंशाला दोन तास. ओटीजीच्या काट्यावर विश्वास नसेल तर शेजारी चकचकीत घासलेला पोलादाचा तुकडा ठेवा, फिकट गवती रंग आला म्हणजे २२० च्या आसपास आहे, तिथे बंद करा. तपकिरी-जांभळा म्हणजे पुढे गेलात.

शिकाऊ_फिटर
गावाकडे लोहार विळ्याला पाणी देतात तेव्हा आधी पाण्यात बुडवतात, मग बाहेर काढून रंग धावताना बघतात आणि परत बुडवतात. तसं चालत नाही का?

टूलरूमवाली
ते साध्या कार्बन पोलादाला. ओएचएनएस पाण्यात घातलं तर बहुतेक तडकतंच. आणि दोन्ही कामं एका तापात करायची तर हात बसलेला हवा, टॅपसारख्या जाड-बारीक वस्तूला नको.

उद्यमनगर
बरं, एवढं नीट सांगितलंस तर दे म्हणावं पाणी. पण भावा, त्याच्या आधी एक कर. बोअरमधून सिंगल पॉइंटनं आटे आधी कापून घे, पाऊण खोलीपर्यंत, आणि टॅपनं फक्त शेवटचा हात फिरव. मग टॅप कच्चा असो की पक्का, त्याला कष्टच नाहीत. १२.७ च्या भोकात ९ एमएमचा बार जातोय, त्याला आडवं भोक पाडून मोडक्या एंड मिलचा तुकडा बसव. मोडक्या ड्रिलची शेपटी घेऊ नको, ती बऱ्याचदा मऊ असती.

गॅरेजगिरी
हे मस्त आहे काका. म्हणजे टॅपच्या आधी अजून एक टूल :)

टॅपच्या उभ्या खाचा (कापणारी कड आणि चिपला वाट देणाऱ्या) कशा पाडू? मिलिंग नाही.

ओहायोकर
मी चार खाचा पाडल्या होत्या. टॅप चकात धरून आधी चार रेषा आखून घेतल्या, मग व्हाइसमध्ये घेऊन अँगल ग्राइंडरच्या पातळ डिस्कने उभे चर आणि नंतर गोल कानशीने आकार. दिसायला गबाळा, कापायला एक नंबर. कापणारी कड केंद्राच्या रेषेत आली म्हणजे झालं. सगळं पाणी द्यायच्या आधी, आणि बर (कापल्यावर उरलेली धातूची कोर) काढायला तिकोनी बारीक कानस.

पुढच्या टोकाचा उतार (जिथे दात हळूहळू मोठे होत जातात) किती ठेवायचा याचा हिशोब मात्र करा. पुढचं टोक १२.७ आणि मागे १६.३८, म्हणजे त्रिज्येत १.८४ एमएम. दहा आट्यांवर उतार दिला, ३२ एमएम, तर चार खाचांचे मिळून चाळीस दात झाले, एका दाताच्या वाट्याला ०.०४६ एमएम. गनमेटलला हे ठीक. पाच आट्यांत संपवायला गेलात तर दुप्पट भार, हातच्या पान्याने फिरणार नाही. उतारानंतर चार-पाच आटे पूर्ण मापाचे ठेवा, तेच शेवटचं माप देतात. उताराच्या दातांना माथ्यावर मागच्या बाजूला कानशीने किंचित उतरवा, पूर्ण मापाच्या दातांना हात लावू नका.

आणि टोकाला १२.६५ चा गुळगुळीत पायलट ठेवा, बोटाच्या पेराएवढा. टॅप सरळ शिरतो.

भोसरी_नाइटशिफ्ट
एक शंका माझीपण. २९ अंशाचा टूल एचएसएसचा (हाय स्पीड स्टील) ग्राइंडरवर घासताना निळा पडला तर फेकायचा का? आमच्या शॉपमध्ये यावर रोज भांडण असतं.

उद्यमनगर
फेकायचा कशाला. एचएसएसचं टेंपरिंगच साडेपाचशे अंशाला होतं, निळा रंग तीनशेला येतो. निळ्यानं त्याला काही होत नाही. निळा पडला म्हणून घाबरायचं ते कार्बन पोलादाला आणि आपल्या ओएचएनएसला. एचएसएसचं खरं वाटोळं होतं ते लालभडक तापवून गार पाण्यात चुर्र केल्यावर, बारीक तडे जातात, डोळ्याला दिसत नाहीत, मग नाक उडतं. तापायच्या आधीच बुडवत राहा, नाहीतर बुडवूच नका, हवेत गार होऊ द्या.

टूलरूमवाली
काकांशी शंभर टक्के सहमत, नोंद घ्यावी :)

अवांतर: एचएसएसचे हे गुण सापडले त्याची गोष्ट भारी आहे. फ्रेडरिक टेलर, तेच ते स्टॉपवॉच घेऊन कामगारांच्या मागे लागणारे, आणि मॉन्सेल व्हाइट यांनी अमेरिकेत बेथलहेम स्टीलमध्ये १८९८ च्या सुमाराला टंगस्टनचं टूल स्टील तेव्हाच्या समजुतीपेक्षा फार वर, जवळजवळ वितळायच्या बेतात, तापवून पाहिलं. सगळे म्हणायचे एवढं तापवलं की स्टील मेलं. उलट ते असं झालं की कापताना टोक लाल झालं तरी धार टिकली. १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात त्यांनी लेथ लावून दाखवला, निळी चिप निघतेय आणि टूलचं टोक अंधुक लाल. पुढे १८ टक्के टंगस्टन, ४ क्रोमियम, १ व्हॅनेडियम हे मिश्रण वर्षानुवर्षं चाललं. आज दुकानात मिळतो तो बहुतेक एम२, त्यात ६ टंगस्टन आणि ५ मॉलिब्डेनम. एम३५ मध्ये ५ टक्के कोबाल्ट. घरच्या कामाला एम२ पुरतो, घासायलाही सोपा.

शिकाऊ_फिटर
म्हणजे एचएसएसला घरी पाणी देता येणार नाही?

टूलरूमवाली
नाही. १२०० अंशाच्या आसपास लागतं आणि तेही काटेकोर. एचएसएस तयार पक्कं घ्यायचं आणि फक्त घासायचं. ज्याला आकार लेथवर द्यायचा, जसं टॅप, डी बिट, रीमर, ते ओएचएनएस किंवा सिल्व्हर स्टीलमध्ये. कमानपाट्याच्या नादी लागू नका, त्यात कार्बन कमी, कोयत्याला चांगला, टॅपला नाही.

सेफ्टी_फर्स्ट
मधे नाक खुपसतो. तेल प्लास्टिकच्या डब्यात घेऊ नका, लोखंडी डबा, तोही खोल, अर्धाच भरलेला आणि झाकण जवळ. लाल वस्तू अर्धवट बुडाली की तेल पृष्ठभागावर पेटतं, झाकण टाकलं की विझतं, पाणी ओतलं तर घर जातं. बेंच ग्राइंडरचा रेस्ट चाकापासून ३ एमएमच्या आत, नवा स्टोन बसवताना टिचकी मारून आवाज ऐका, खणखणीत वाजला पाहिजे, बद्द वाजला तर बसवू नका. हातमोजे घालून ग्राइंडिंग नको. विडियाची (कार्बाइडची) टिप हिरव्या स्टोनवर घासत असाल तर मास्क लावाच, त्या धुळीत कोबाल्ट असतो.

गॅरेजगिरी
लिहून भिंतीला लावतो. मंडळी, आता काही दिवस गायब.

गॅरेजगिरी
आलो. टॅप झाला.

टूलचं नाक फीलर गेजने तपासत तपासत घासलं, हीच सगळ्यात वेळखाऊ पायरी, आटे कापायला त्याच्या निम्मा वेळ लागला. आधी अरुंद ग्रूव्हिंग टूलने चर पाडून घेतला आणि मग २९ चा टूल बाजूंना फिरवला, त्यामुळे लेथ थरथरला नाही. खाचा अँगल ग्राइंडर आणि कानस. पाणी ताईंच्या पद्धतीने, विटांची गुहा, बोरिकचा लेप, शेंगदाणा तेल. सगळ्या गॅरेजला खमंग वास. बाहेर काढला तेव्हा लेप बऱ्याच ठिकाणी आपोआप गळून पडलेला आणि खाली राखाडी स्वच्छ धातू. कानस फिरवली तर नुसती घसरते. व्ही ब्लॉकवर फिरवून बघितला तर दांड्याला जरा बाक आलाय, दोन टोकांत मिळून सहा-सात थाऊ, पण आटे सरळ आहेत.

नट दोन केले. पहिला काका म्हणाले तसा, आतून सिंगल पॉइंटने पाऊण खोली आणि मग टॅप, व्हाइसमध्ये हाताने. दुसऱ्याला मुद्दाम थेट टॅप घातला, बघू तरी म्हणून. गेला, पण पान्याला पाइप लावावा लागला आणि दर पाव चक्कर मागे घेऊन चिप मोडावी लागली, सुरवातीचे दोन आटे जरा खरखरीत आलेत. पहिल्यातले आटे आरशासारखे.

मग लेथ खोलला. पहिला नट स्क्रूच्या टोकाला बोटाने फिरतो, मधे किंचित सैल. बॅकलॅश आता टोकाला चार आणि मधे आठ थाऊ. पार्टिंग करून बघितलं, टूल ओढला जात नाही.

उद्यमनगर
नाद खुळा! टॅप टाकू नको, तेल लावून कापडात गुंडाळून ठेव. आणि त्यावर पंचनं कोरून ठेव काय साइज आहे ते, सहा महिन्यांनी आठवत नसतंय. डावा आहे हे आधी कोर.

भोसरी_नाइटशिफ्ट
बरं झालं माझं ऐकलं नाहीस. आमच्या एका सप्लायरच्या जुन्या लेथला सेम स्क्रू आहे, टॅप उसना देशील का?

गॅरेजगिरी
देईन, पण आधी सिंगल पॉइंटने कापून मगच घालायचा या अटीवर :)

टूलरूमवाली
अभिनंदन! मधले आठ थाऊ कमी करायचे असतील तर तो दुसरा खरखरीत नट वापरा. त्याला आडवा अर्ध्याच्या थोडं पुढपर्यंत चीर द्या आणि चिरेच्या दोन बाजू जोडणारा एक एम५ चा बोल्ट लांबीच्या दिशेने बसवा. बोल्ट आवळला की नटाचे दोन भाग किंचित जवळ येतात आणि आटे स्क्रूला दोन्ही बाजूंनी धरतात. पुढे झीज होईल तसा पाव-पाव चक्कर आवळत जायचा. मात्र स्क्रूचं टोक कमी झिजलंय, तिथे घट्ट होणार नाही इतकंच आवळायचं.

गॅरेजगिरी
स्लिटिंग सॉ नाही माझ्याकडे, हॅकसॉने चालेल ना?

टूलरूमवाली
चालेल. फक्त चीर द्यायच्या आधी बोल्टचं भोक आणि आटे पूर्ण करून घ्या, चिरल्यावर ड्रिल तिथे भरकटतो. आणि चिरून झाल्यावर टॅप पुन्हा एकदा हलक्या हाताने आरपार फिरवा, चिरेतली बर आट्यात राहिली तर स्क्रू खराब होईल.

शिकाऊ_फिटर
दादा, टॅपचं ड्रॉइंग टाकाल का? आमच्या सरांना दाखवायचंय.

गॅरेजगिरी
वहीत पेन्सिलने काढलेलं आहे, तेलाच्या डागांसकट. रविवारी फोटो टाकतो.